पडद्यावरच्या डॉक्टरांची वसुधा

रियाचा फोन आला तेव्हा मी शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये खुर्च्या कशा मांडायच्या ते बघत होते. रिया म्हणजे वसुधाची मुलगी, इथेच अमेरिकेत जन्मलेली, वकिली करणारी. “मीनामावशी, आई इज गॉन,” ती म्हणाली. मी “कधी?” एवढंच विचारू शकले. वसुधा आजारी आहे हे मला ठाऊक होतं, आणि वर्षभरात मी तिला एकदाही फोन केला नाही हे रियाला ठाऊक होतं. 

वसुधा मूळची नागपूरची, टेक्सासमधल्या प्लेनोला लहान मुलांची डॉक्टर होती. मी डॉक्टर नाही. डॉक्टरांच्या परिषदा आखणं हे माझं काम. तिच्या संघटनेच्या वार्षिक परिषदेमुळे आमची गाठ पडली आणि पुढे घरोबा झाला. कोविडनंतर सगळ्यांना पुन्हा हॉलमध्ये भेटायची घाई झाली होती. तेव्हा ती म्हणाली, “मीना, छोट्या गावात एकच डॉक्टर असतो यार. तो दवाखाना बंद करून तीन दिवस कुठे येणार? त्याला नुसतं बघता येऊन काय उपयोग, विचारता आलं पाहिजे.” तेवढ्यावर आम्ही दोघींनी अख्खी परिषद नव्यानं आखली. प्रत्येक भाषणानंतर पहिला प्रश्न आपापल्या गावातून पडद्यावर जोडलेल्यांचा, मग हॉलमधल्यांचा. वक्त्याच्या अगदी समोर मोठा पडदा, म्हणजे दूरच्यांचे चेहरे त्याला दिसलेच पाहिजेत. चहाच्या सुट्टीत हॉलमधले गप्पा मारतात आणि दूरच्यांसमोर नुसतं परिषदेचं बोधचिन्ह असतं, हे तिला खटकायचं. म्हणून ती स्वतः लॅपटॉप उचलून टेबलाटेबलाशी जायची. “हे मॉन्टानाहून आलेत, जरा जागा करा,” असं म्हणून तो सरळ बशांच्या मध्ये ठेवायची. एकदा एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी लॅपटॉपपुढे बिस्किटांची बशी सरकवली, तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो.

हॉलमधल्या मोठ्या लोकांची कुरकुर मात्र वाढत होती. आम्ही विमानानं येतो आणि प्रश्न विचारायला मागे उभे राहतो, असं ते म्हणत. हा विषय कार्यकारिणीच्या बैठकीत निघणार होता. बैठक शिकागोत होती, म्हणून वसुधा आदल्या दिवशी माझ्याकडे उतरली. मी भरली वांगी केली होती. तिनं दोनदा भाकरी मागून घेतली, माझ्या गुडघ्याची चौकशी केली, सकाळी माझ्याच गाडीतून बैठकीला आली. तिथे ठराव वाचून दाखवला गेला: यापुढे पडद्यावरच्यांना फक्त बघता येईल, प्रश्न हॉलमधल्यांचेच घेतले जातील. ठराव मांडणाऱ्याची सही वसुधाची होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती समोरच्या कागदांच्या कडा जुळवत होती.

पार्किंगमध्ये मी तिला गाठलं. “काल जेवताना का नाही बोललीस?”

“तू भांडली असतीस.”

“भांडलेच असते.”

“किती लोक आपल्या बाजूचे आहेत ते पाहिलं होतं मी. हरणार होतो आपण. ते तर पडदाच काढायला निघाले होते. निदान तो तरी राहिला.”

“आणि मी? मी तिथे वेड्यासारखी तुझ्या शेजारी बसले होते.”

ती माझ्या गाडीकडे वळलीच नाही. टॅक्सी करून विमानतळावर गेली. तिची बॅग माझ्या घरी राहिली होती, ती मी कुरिअरनं पाठवली. आत चिठ्ठी ठेवली नाही. पुढच्या वर्षी ती संघटनेची अध्यक्ष झाली. त्या सहीचा या पदाशी संबंध होता की नाही, मला माहीत नाही. मी मात्र तो जोडला आणि चार लोकांत बोलूनही दाखवला. मग तिच्या आजाराचं कानावर आलं. मेसेज लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला...

अंत्यविधीला मी गेले नाही. विमान मिळालं नाही असं सगळ्यांना सांगितलं; खरं म्हणजे मी शोधलंच नव्हतं. रियानं लिंक पाठवली होती. स्वयंपाकघरात बसून मी ते बघितलं. लोक एकेक करून पुढे येऊन वसुधाबद्दल बोलत होते. अचानक मलाही बोलावंसं वाटलं. पण माइकचं बटण नव्हतं, चॅट बंद होतं. मला फक्त बघता येत होतं.

पाच आठवड्यांनी मी प्लेनोला गेले. रियानं मला तिच्या आईच्या खोलीत नेलं आणि टेबलावरची एक जाड वही हातात दिली. पानापानावर परिषदेला दुरून जोडल्या जाणाऱ्या डॉक्टरांची नावं होती. उच्चार चुकू नये म्हणून ती देवनागरीत लिहिली होती. प्रत्येकापुढे गाव, फोन, आणि त्यानं विचारलेला प्रश्न. “एव्हरी संडे,” रिया म्हणाली. “तो नियम बदलला ना, तेव्हापासून. दे वुड कॉल, आणि आई तासन्‌तास बोलायची. हॉस्पिटलमधूनसुद्धा. तुला माहीत नव्हतं?”

मला माहीत नव्हतं. माझा राग त्या क्षणी विरघळायला हवा होता, पण तो वाढला. जे आम्ही दोघींनी मिळून सुरू केलं, ते तिनं एकटीनं चालू ठेवलं, आणि मला एका शब्दानं कळवलं नाही. ठराव मांडताना मला विचारलं नाही, तो निस्तरतानाही नाही. मी किती वेळा ती वही चाळली. माझं नाव कुठेच नव्हतं.

तो रविवार होता. टेबलावरचा वसुधाचा फोन वाजला. रियानं माझ्याकडे पाहिलं, म्हणून मी उचलला. नेब्रास्काच्या कुठल्याशा गावातली एक डॉक्टर होती. वसुधा गेल्याचं तिला सांगितलं.  ती म्हणाली, “मी नंतर फोन करते.” मी तिला थांबवलं आणि प्रश्न काय होता ते विचारलं. मला त्यातलं अर्धंही कळलं नाही. तरी वसुधाच्या अक्षराखाली मी तो लिहून घेतला, दोनदा वाचून दाखवला, आणि उत्तर देऊ शकेल असं कुणीतरी शोधून कळवते म्हणाले.