खदानीचा पत्ता

आमच्या खदान वस्तीला 'चोरांची वस्ती' म्हणणाऱ्या माणसा, तू कधी इथं चहा प्यायला तरी आला होतास का? नाव ठेवून तू निघून गेलास, किस्से मात्र आमच्याकडे साठत बसले! आत्ता ते आठवायचं कारण आमची ताई. परवाच्या रविवारी तिला बघायला आष्टीचे पाहुणे यायचे होते. आई म्हणत होती, कार्यक्रम केजला मामाच्या घरी करू. वस्तीतले सगळे असंच करतात. मीच अडून बसलो, "आपल्याच घरी!"

*

बीडच्या स्टँडवर रिक्षावाल्याला 'खदान' म्हटलं की उत्तर येतं, "पुलापर्यंत सोडतो." 'लेक व्ह्यू सिटी' म्हटलं की, "बसा ना सर!" ही नवी सिटी आमच्या गल्लीला चिकटून उभी आहे. रस्ता तोच!

*

त्यातला 'लेक' म्हणजे दगड काढून उरलेला आमचा खड्डा. गंगूमावशी तिथं म्हैस धुतात. एक दिवस सिटीतले एक साहेब आले. "मावशी, तुमची म्हैस आमच्या व्ह्यूमध्ये येते!"

"मग तिलाच सांगा की. ती तुमच्या आधीपासून हाय!"

*

नोकरीच्या मुलाखतीत माझा पत्ता वाचून मॅडम म्हणाल्या, "पण तुम्ही तसे वाटत नाही!" माझ्या तोंडून चक्क 'थँक यू' गेलं!

*

प्लॉटचा एजंट माझ्या वडिलांना, अण्णांना म्हणाला, "एरियाचं नाव लई खराब हाय, मिळंल त्या भावात देऊन टाका." तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "हो सर, लेक व्ह्यूच! एकदम प्राइम लोकेशन!"

अण्णा म्हणाले, "मधी एक भिंतच हाय की रं!"

आम्ही हसलो. आई हसली नाही. गल्लीच्या टोकाची घरं तोवर विकली गेली होती.

*

रविवारी पोहे गार झाले, ताई खिडकीतून हलेना. दुपारी मुलाच्या काकांचा फोन आला. "आमी परत निघालो. अख्खी गल्ली विचारली, या नावाचं कोणीच न्हाई म्हणत्यात. खोटा पत्ता कावून दिला?" फोन कट!

मी कोपऱ्यावर पळालो. तिथं गफूरचाचांचं गॅरेज आहे. चाचा अण्णांचे जुने दोस्त.

"चाचा, अण्णांना विचारत कोणी आलं होतं?"

"आलते ना! पांढरी जीप, चार-पाच जण, पूर्ण नावानं विचारत होते." शहरात कुठंही चोरी झाली की पोलिसांची जीप आधी आमच्याच गल्लीत येते. जीपमधून कोणाचं नाव आलं की कोणी ओळख देत नाही. चाचांनी छाती फुगवली. "मी बोललो, असा माणूसच न्हाई इथं. पुढच्यांना पण इशारा केला. एकाचीबी जबान फिरली न्हाई!"

"चाचा, ते ताईला बघायला आलेले पाहुणे होते!"

चाचांनी हातातला पाना खाली ठेवला.

"पाहुणे? आपल्या गल्लीत कावून बोलावले बे?"