रेडिओ की पंखा

घरात भाजी कुठली आणायची, हेसुद्धा मला ठरवता येत नाही. पण पंच्याण्णवच्या सुमारास मी सुरतेत एका कंपनीसाठी वस्तूंची चित्रं दाखवून लोकांना आवडीनिवडी विचारत फिरायचो. माणसाची पसंती वर्षभर टिकते का, हे कंपनीला पाहायचं होतं. म्हणून तीच चित्रं त्याच माणसाला वर्षानं पुन्हा दाखवायची.

सुरतेच्या भेस्तान भागात खानदेशातून आलेला, लूमवर म्हणजे यंत्रमागावर काम करणारा एक कामगार होता. सारख्याच किमतीचा पंखा आणि रेडिओ, यांतून त्यानं पहिल्या वेळी झटकन रेडिओ निवडला. चित्रातल्या बटणावर बोट ठेवून ते फिरवलंसुद्धा. "गावना गाना लागतस, भाऊ!"

वर्षानं गेलो, तर त्याची बायको म्हणाली, "जोरमा बोला." मी चित्रं पुढे केली. त्यानं पंख्यावर बोट ठेवलं.

"आवड बदलली का हो?" मी ओरडलो.

"आवड तीच शे, भाऊ. लूमनी कान खाई टाकात. पंखा चालू शे, हाई हातले तरी समजस."

मी तक्त्यात पंख्यापुढे 'पसंती बदलली' अशी खूण केली; नियमच तसा होता. मग चित्रं गोळा करायला हात पुढे केला, तर रेडिओचं चित्र त्याच्याच हातात होतं, आणि बटणावरचं बोट हळूहळू फिरत होतं.