चौथं तिकीट सुपारीचं

अमेरिकेत डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावातल्या आमच्या घरात काही वर्षं एक गोष्ट खरी मानली जात होती: बेसबॉलची तिकिटं सूनबाईच्या डान्स क्लासमुळे गेली. ते खोटं आहे. ती माझ्यामुळे गेली.

नातीच्या आवडत्या पिचरचा, म्हणजे बेसबॉलमधल्या गोलंदाजाचा, डेट्रॉइटमधला तो शेवटचा सामना होता. तिकिटं ऑनलाइन, आणि तिथेही रांग. आपल्यापुढे हजारो माणसं आहेत असं स्क्रीन सांगत होता, पण डोकं एकाचंही दिसत नव्हतं. मुलाला मीटिंग होती, म्हणून त्याने मला लॅपटॉपसमोर बसवलं.

"बाबा, नंबर आला की आम्हा तिघांची तीन तिकिटं घ्यायची. बाकी कशाला हात लावू नका."

"पाणी प्यायला उठलो तर?"

"उठू नका."

नंबर आला. तीन खुर्च्या शेजारीशेजारी, पिचर अगदी समोर. आणि माझा हात थांबला. आमच्याकडे पानात तीन पोळ्या वाढत नाहीत, आणि चांगल्या कामाला तिघं निघाले तर चौथी म्हणून सुपारी बरोबर देतात. आता सुपारी जाणार, तर तिला तिकीट नको? त्या क्षणी मला हे अगदी रास्त वाटलं. मी तीनचे चार केले. चार खुर्च्या एकत्र कुठेच नव्हत्या. घाईघाईने पुन्हा तीनवर आलो, तोवर त्याही गेल्या होत्या.

मुलगा धावत आला. "काय झालं?"

"नेट अडकलं," मी म्हणालो.

त्याने हॉलकडे पाहिलं. तिथे सूनबाई टीव्हीवर क्लास लावून नाचत होती.

"तुझ्या नाचाने सगळं वायफाय खाल्लं!"

नात रडली. सूनबाईने त्या दिवसापासून क्लास सोडला. मी मात्र तिने वाढलेलं जेवत राहिलो.

गेल्या रविवारी जेवताना सगळं सांगून टाकलं.

"आजोबा, यू वॉन्टेड अ सीट फॉर सुपारी?" नात किंचाळली.

"तिला आत तरी कुठे सोडलं असतं, बाबा? बाहेरचं खायचं नेऊ देत नाहीत," मुलगा म्हणाला.

सूनबाई हसली नाही. हातातलं भांडं तिने खाली ठेवलं.

"बाबा, उद्या सकाळी हॉलमध्ये या. सैल कपडे घाला." मग नवऱ्याकडे वळून, "तूही."

आता रोज सकाळी मी तिच्या मागे उभा राहून हात हलवतो. "कंबर, बाबा, कंबर!" ती न वळताच ओरडते. मुलाने पहिल्या दिवशी मीटिंगचं कारण सांगून पाहिलं. तिने ती कॅन्सल करायला लावली.