सात नंबरचं विमान आणि सुंदराबाईची शिवण

सुंदराबाईंची आणि माझी ओळख भांडणातून झाली, आणि ते भांडण मी हरलो. हरल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात दुसऱ्यांदा झाला नाही, म्हणून ही हकीकत सांगतो.

१९५८ सालच्या भाद्रपदात अमरावतीच्या आमच्या प्राचार्यांनी मला अकोल्याला पिटाळलं. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचो. अकोल्याच्या, कापसाच्या गाठी बांधणाऱ्या एका प्रेसच्या गोदामात चोवीस वर्षं पडून असलेलं शर्यतीचं विमान ट्रकवर घालून आणायचं, एवढंच काम. १९३४ साली त्या प्रेसचा इंग्रज मॅनेजर ते घेऊन दिल्लीच्या हवाई शर्यतीत उतरला होता. आला चौथा. त्यात इंजिन बिघडलं, म्हणून आकाशातून गेलेलं विमान मालगाडीतून परत आलं. पुढे लढाई झाली, साहेब मायदेशी गेला आणि विमान इथंच राहिलं. ते जसंच्या तसं कॉलेजच्या हॉलमध्ये काचेआड ठेवायचं असा प्राचार्यांचा बेत होता. मलाही तो पसंत होता. जुन्या वस्तूला नवे हात लागले की ती बाटते, असं माझं तेव्हा ठाम मत होतं.

गोदामात शिरलो तर काय, विमानाच्या पंखाखाली एक बाई आरामात बसून भाकर खात होती. चाळिशीची, उंच, हातावर सुतळीचे घट्टे. शेजारी तिचा नवरा जानराव, प्रेसमधला तेलवाला, इंजिन पुसत होता. आणि खिशात पाना खोचलेला एक गृहस्थ पंखावर ठकठक करून पाहत होता.

"अहो, हात लावू नका त्याला!" मी ओरडलो.

कॉलेजचा मास्तर येणार हे बाईंना आधीच कळलं होतं. त्यांनी भाकर खाली ठेवली. "हात लावू नका? मास्तर, आमच्या हाताचा इटाळ मानाचे दिवस गेले. दोन वर्सं झाले आमाले दीक्षा घेऊन. आता इमानाचा इटाळ काढून राहिले का तुमी?"

ह्याच सुंदराबाई. प्रेसमध्ये गाठींचं बारदान शिवणाऱ्या बायकांच्या प्रमुख. पाना खोचलेले देवीदासजी नागपूरच्या फ्लाइंग क्लबचे वैमानिक, आणि मेकॅनिकही तेच. विमान द्यायचं ठरलंय अशी कुणकुण लागताच बाईंनी आपल्या मुलीकडून, शालूकडून, क्लबला पत्र लिहून घेतलं होतं. विमान उडवता येईल का ते येऊन पाहा, म्हणून. म्हणजे माझ्या आधी दुसरी वरात दारात हजर!

मालक ओमप्रकाशशेठ कातावले. दसऱ्यानंतर कापूस येणार, त्यांना गोदाम रिकामं हवं होतं. "दसऱ्यापर्यंत उडालं तर ह्या क्लबचं," त्यांनी निकाल दिला, "नाही उडालं तर मास्तर, दुसऱ्या दिवशी तुमचं."

मी मनात म्हटलं, चला, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा ट्रक सांगून ठेवावा.

पण ह्या बाईंना विमान उडायलाच का हवं, हे कळेना. विचारलं तर त्यांनी डाव्या बाजूच्या खालच्या पंखावर हात फिरवला. १९३४ साली, शर्यतीच्या आधी, साहेब पऱ्हाटीच्या म्हणजे कापसाच्या वावरात उतरला आणि खुंटांनी तो पंख फाटला. पंख कापडाचे. शिवणारं कोणी मिळेना. तेव्हा बारदान शिवणाऱ्यांतली सर्वांत चपळ हाताची सोळा वर्षांची पोर साहेबानं बोलावली. मुकादमानं नाक मुरडलं, पण तिनं अख्खा पंख शिवून दिला.

"आणि उडालं त्या दिवशी?" मी विचारलं.

"त्या दिवशी मुकादमानं फाटक लावलं. बाहेर इमान उडून राहिलं अन् आमी आत बारदान शिवून राहिलो. आवाज तेवढा आयकला." त्यांनी शिवणीवरून बोट फिरवलं. "माही शिवण वर गेली मास्तर, अन् मलेच दिसली नाई."

मी इतिहासाचं महत्त्व सांगू लागलो. कापड बदललं, रंग बदलला, तर शर्यतीचं ते विमान राहिलंच कुठं? बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पटाचा बैल गोठ्यात बांधून त्याची नुसती पूजा करसान, तं थो पटाचा बैल रायते का? थो पोळ्यातला मातीचा बैल झाला."

शंकरपटातल्या बैलांच्या शर्यती पाहत लहानाचा मोठा झालेला मी, मला हे झोंबलं.

काम सुरू झालं. मीही रोज तिथंच बसू लागलो, म्हणे देखरेखीला. देवीदासजींनी लाकूड तपासलं. अकोल्याच्या उन्हानं ते भाजलं होतं, पण कुजलं नव्हतं. बिघडलेलं इंजिन साहेबानं तेव्हाच दुरुस्त करवलं होतं, आणि जानरावांनी ते चोवीस वर्षं दर शनिवारी तेल घालून, हातानं फिरवून जपलं होतं. साहेबानं सांगितलं होतं म्हणून. साहेब गेला, पण त्याचा हुकूम कोणी मागेच घेतला नाही. मग देवीदासजींनी कापडावर अंगठा दाबला आणि ते वाळल्या पानागत टरकन फाटलं.

"अहो, इतिहास आहे तो!" मी कळवळलो.

"त्या इतिहासावर बसून मी मरू का?" देवीदासजी म्हणाले.

गंमत अशी की कापड मेलं होतं, पण शिवण जिवंत होती. देवीदासजींनी ओढून पाहिली, एक टाका सुटला नाही. ती उसवायची वेळ आली तेव्हा बाई कोणाला हात लावू देईनात. स्वतः बसल्या आणि आपलाच चोवीस वर्षांपूर्वीचा एकेक टाका कापत गेल्या. शर्यतीचा सात आकडा रंगवलेलं ते कापड मी घडी करून पिशवीत टाकलं. आज ते आमच्या कॉलेजात काचेआड आहे, शिवणीसकट.

नवं कापड नागपूरहून आलं. बाई पंखाच्या वर, जानराव खाली. बाईंनी वरून दाभण घुसवायचं, जानरावांनी खालून ओढून परत वर धाडायचं, मग गाठ. चार बोटांवर गाठ, पुन्हा चार बोटांवर गाठ. देवीदासजींनी पट्टी लावून पाहिली आणि पट्टी खिशात घातली ती पुन्हा काढली नाही. चारही पंख शिवून झाले तेव्हा दसऱ्याला नऊ दिवस होते. मी ट्रकवाल्याला 'बघू' म्हणून सांगितलं.

आता कापड ताणून धरणारं रोगण लावायचं होतं. डोप म्हणतात त्याला. ते मुंबईहून यायचं होतं, येईना. देवीदासजी दोन दिवसांसाठी नागपूरला गेले आणि इकडे बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांचे वडील विणकर. मागावरच्या सुताला ज्वारीची खळ लावली की सूत कसं कडक होतं! त्यांनी घमेलंभर खळ शिजवली आणि आपल्या लाडक्या डाव्या पंखाला फासली. उन्हात पंख असा ताणला की टिचकी मारली तर डफासारखा वाजायचा. आम्ही सगळे नाचायचे बाकी होतो. आणि पदार्थविज्ञानाचा हा मास्तर, म्हणजे मी, 'उत्तम कल्पना' म्हणून मान हलवत होतो!

सकाळी येऊन पाहिलं तर दहिवरानं पंख जुन्या बाजेसारखा लोंबत होता. त्यावर मुंग्यांची रांग, आणि उंदरांनी चार ठिकाणी भोकं पाडलेली.

देवीदासजी परत आले. बघून म्हणाले, "विमानाला जेवायला वाढलं होतं का?"

कोणी हसलं नाही. बाई पंखापाशी बसून राहिल्या. "इतले वर्सं थांबली," त्या म्हणाल्या, "अन् मीच नासवलं." त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मग पदरानं तोंड पुसून त्यांनी कात्री घेतली आणि उसवायला सुरुवात केली.

खरं म्हणजे मी खूश व्हायला हवं होतं. विमान आता कॉलेजचंच झालं होतं. पण मला इतकं वाईट वाटलं की मी प्राचार्यांना 'प्रकृती अस्वस्थ' अशी तार ठोकली आणि मिळेल त्या गाडीनं मुंबई गाठली. डोपचे डबे हुडकून काढले, धोतरात गुंडाळले आणि उलट पावली निघालो. त्या रोगणाला पिकल्या केळांचा वास येतो. रेल्वेचा सगळा डबा अकोला येईपर्यंत मला केळं मागत होता.

परतलो तेव्हा पंख नव्यानं शिवून तयार होता. मला डबे घेऊन उतरताना पाहून बाई म्हणाल्या, "काहून मास्तर, तुमचं तं इमान बंद ठेवाचं व्हतं ना?" मी म्हटलं, "ब्रश कुठं आहे ते सांगा!"

दसऱ्याच्या सकाळी पंख बिजागरीवर मागे दुमडलेलं विमान बैलगाडीला बांधून अकोल्याजवळच्या शिवणी गावच्या विमानतळावर नेलं. आम्ही मागे पायी, आमच्या मागे निम्मं प्रेस. शेठनी प्रेसचं फाटक उघडंच ठेवलं होतं, त्या दिवशी ते कोणी लावलं असतं तर मी त्याला बदडलं असतं. धम्मदीक्षेचा दिवस म्हणून सुंदराबाई पांढरंशुभ्र पातळ नेसून आल्या होत्या.

इंजिन तीनदा खोकलं आणि चौथ्यांदा पेटलं. जानराव लहान पोरासारखे ओरडले. देवीदासजींनी हाक मारली, "पुढच्या सीटवर वजन पाहिजे. सुंदराबाई, या, तुमचा मान!"

बाई जागच्या हलल्या नाहीत. "मी वर बसली तं इमान उडतानी मले कसं दिसन? मास्तरले बसवा."

मला काही कळायच्या आत जानरावांनी मला उचलून आत बसवलं आणि पट्टा आवळला. जमीन सुटली. मी ओरडायला लागलो, आनंदानं, गळा फाटेपर्यंत! डाव्या हाताला नवा पंख ताठ उभा, त्यावर टाक्यांची सरळ ओळ. खाली माणसं मुंग्यांसारखी इकडून तिकडे धावत होती. एक पांढरा ठिपका मात्र मैदानाच्या मधोमध स्थिर उभा होता.

मी खाली उतरलो. बाई आल्या त्या सरळ पंखाकडे. त्यावर हात ठेवून म्हणाल्या, "न्या आता मास्तर, ठेवा काचंत. माहं पाहून झालं."

"ह्याला काचेत ठेवणारा अजून जन्माला यायचाय!" मी ओरडलो. "उद्याच नागपूरला उडत जाणार हे. पण काय दिसलं ते तर सांगा."

"माही शिवण दिसली. पुरी ओळ, पयल्या टाक्यापासून."

एवढ्या उंचीवरचा टाका जमिनीवरून दिसत नाही, एवढं पदार्थविज्ञान मला येत होतं. मी म्हणालो, "मलाही दिसली."