द्वारकाबाईंच्या गिरणीचा घास

धायरीतल्या द्वारकाबाईंच्या गिरणीत सकाळचं ऊन पिठातून गाळून घेतल्यासारखं येतं. दळण होईपर्यंत मी बाकावर बसतो आणि जागेपणीच कुठेतरी तरंगत राहतो. बाईंच्या भुवयांवर पीठ बसलेलं असतं, त्यामुळे त्या रागावल्या तरी तसं वाटत नाही.

दसऱ्याआधी गिरणीची मोटर जळली. तिचं वाइंडिंग नव्याने भरून आणलं, तेव्हा लेक रविराज म्हणाला, "आई, आता जळली तर इथं मोबाइलचं दुकान." बाई नुसत्या पट्ट्यावरून हात फिरवत राहिल्या.

बिबवेवाडीच्या श्यामसुंदर वायरमनने नवा स्टार्टर बसवला. मोटर जास्त करंट ओढू लागली की तिला बंद करणारा रिले त्यात असतो. मोटरवरच्या पाटीतला आकडा बघून त्याने करंटची मर्यादा ठरवणारी रिलेची चकती तेवढ्यावर लावली. पण रोज सकाळी बटण दाबलं की मोटर नुसती घुमायची आणि खट्कन बंद पडायची. पुन्हापुन्हा दाबल्यावर कशीबशी निघायची, मग दिवसभर सुरळीत.

"चकती जरा वर सरकवा की," द्वारकाबाई म्हणाल्या. "जुनी पार टोकाला व्हती."

"म्हणूनच तर मोटर जळली, मावशी. राखणदाराला झोपवून ठेवलं होतं तुम्ही."

मेन स्विच बंद करून श्यामसुंदरने पट्टा हाताने फिरवून पाहिला. हलेना. दगड घट्ट मिटलेले, मधे गहू.

"हे कुणी ठेवलं?"

"मीच. सासूबाई सांगून गेल्यात, गिरणीला उपाशी झोपवायचं न्हाय. शेवटची ओंजळ तिच्या तोंडात द्यायची अन् दगड मिटायचे."

"अहो, तोंडात घास असताना तुम्हाला पळायला लावलं तर?"

द्वारकाबाई हसल्या नाहीत. "मग तिनं उपाशी झोपायचं?" त्यांनी हळूच विचारलं.

श्यामसुंदरने चकती होती तिथेच ठेवून झाकण लावलं.

परवा मी गेलो तेव्हा गिरणी नुकतीच उघडत होती. दगड मोकळे होते आणि गिरणीच्या डोक्यावर पितळी वाटीत ओंजळभर गहू. द्वारकाबाईंनी बटण दाबलं. मोटर जराशी गुरगुरली, मग पट्टा सरसरत निघाला. रिले गप्प राहिला.

दारातून रविराज म्हणाला, "आई, वाटी पडेल ना."

"मग धर की."

तो आत आला आणि वाटी धरून उभा राहिला. दळण सुरू झालं, आणि हळूहळू त्याच्याही भुवयांवर पीठ बसू लागलं.