गुप्तहेराची घागर

आमच्या घरात एका आखाजीला पाच पुरणपोळ्या, एक खरबूज, एक नवी घागर आणि एक निवृत्त हवालदार असा सगळा जामानिमा एका टीव्हीतल्या माणसासाठी तयार होता. तो माणूस टीव्हीतला आहे हे मी त्या महिन्यात निदान पन्नास वेळा मोठ्याने म्हटलं असेल. शाळेत मी एका दमात साठ पोरांना गप्प करते. घरात माझ्या सासूबाई मला एका भुवईवर गप्प करतात.

बाहेरच्यांसाठी सांगून टाकते. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. बाकी महाराष्ट्र त्या दिवशी सोनं घेतो, आम्ही खानदेशी लोक गेलेल्यांना जेवू घालतो. उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढायचं आणि दर बोटाला घरातल्या एकेका गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं. पाण्याने भरलेली घागर मांडायची, तिच्यावर खरबूज आणि गोड सांजोरी ठेवायची. निखाऱ्यावर तूप आणि घास टाकायचा, त्याला आगारी म्हणतात. बाहेरच्या एखाद्या भल्या माणसाला पितर म्हणून पाटावर बसवून पोटभर वाढायचं. ज्याच्या नावाने हे होत नाही तो तहानलेला राहतो, अशी सासूबाईंची पक्की समजूत. आणि सासूबाईंची समजूत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आम्ही तळोद्यात राहतो. आमच्या समोरच्या घरात काकी राहतात. त्यांचे सासरे राजस्थानातून इथे आले आणि त्यांनी कापडाचं दुकान टाकलं. काकी लग्न होऊन इथे आल्या त्याच वर्षी सासूबाईही या घरात आल्या, त्याला आता चाळीस वर्षं झाली. सासूबाई त्यांना शेठाणी म्हणतात, काकी त्यांना जिजी म्हणतात. दोघींचे नवरे गेले. काकींच्या मुलाने दुकान बंद केलं आणि तो सुरतला गेला. काकी एकट्या राहिल्या, पण जेवण नि झोप सोडली तर त्या आमच्याकडेच असतात. त्या नसल्या की सासूबाई माझ्याकडे लक्ष देतात, म्हणून त्या असलेल्या मला फार बऱ्या वाटतात.

हेरांची ती मालिका त्यांना मीच लावून दिली. माझी अक्कल चरायला गेली होती. काकी जैन, सूर्य मावळायच्या आत त्यांचं जेवण उरकतं, म्हणून मालिका रोज तीन ते पाच. चारला मालिका थांबवून चहा. त्यातला गुप्तहेर एका भागात दूधवाला असायचा, दुसऱ्यात प्राध्यापक, तिसऱ्यात दाढीवाला फकीर. त्याच्याकडे सात पासपोर्ट आणि सात नावं होती. बायको सोडून गेलेली, आईबाप लहानपणीच गेलेले, मूलबाळ नाही. तो वेश बदलून आला की काकी आधी ओळखायच्या. सासूबाई म्हणायच्या, आपण पहिल्यापासून ओळखलं होतं, फक्त बोललो नाही.

शेवटच्या भागात त्याला छातीत गोळी लागली आणि तो पुलावरून नदीत पडला. पाण्यावर थोडा वेळ बुडबुडे आले, मग नावांची पाटी सुरू झाली. पुढचा सीझन कधी येणार, येणार की नाही, कुणीच सांगत नव्हतं. सगळ्या गावात तेच चाललं होतं. डोंगरात जाणारे जीपवाले स्टँडवर गाड्या भरायचं सोडून, पुलावरून पडलेला माणूस वाचतो का यावर भांडत होते आणि प्रत्येकाला पडून वाचलेला कुणीतरी नात्यातला माहीत होता. पण जीपवाल्यांचं भांडण गाडी भरली की संपायचं. आमच्या घरातलं सुरू झालं ते थांबेना.

सासूबाई म्हणाल्या, तो गेला. काकी म्हणाल्या, जिवंत आहे, प्रेत कुठे दाखवलं? सासूबाई स्वतःच्या डोळ्यांकडे बोट करून म्हणाल्या, "मन्हा डोयाघाई देखं मी. मरी गया तो." यावर काकी उठल्या, पदर सावरला आणि अर्धा चहा टाकून घरी गेल्या. तो पुन्हा दिसेपर्यंत चहाला शिवणार नाही, असं त्यांनी दुसऱ्या दिवशी देरासरात, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात जाऊन मनाशी ठरवून टाकलं. चहाच नाही म्हटल्यावर चार वाजता आमच्याकडे यायचं कारणही राहिलं नाही.

मला यातली खरी गोम माहीत होती. मालिका निम्म्यावर असताना एकदा काकी आमच्या घरात असतानाच त्यांच्या मुलाचा फोन आला होता, सासूबाई तेव्हा देवळात गेल्या होत्या. घर विकून टाकू, तू आता सुरतला चल, असं तो वर्षभर म्हणत होता. त्या दिवशी काकींनी त्याला शब्द दिला की ही मालिका जिजीबरोबर सुरू केली आहे, ती संपली की येते. मुलगा हसला आणि कबूल झाला. मालिका अशी अर्धवट संपेल हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? गुप्तहेर जिवंत असेल तर पुढचा सीझन येणार आणि तोवर काकी तळोद्यात. तो मेला असेल तर मालिका संपली आणि काकींना सामान बांधायचं. तो पुलावरून पडला तेव्हा काकींचं घर त्याच्या खिशात होतं.

हे सासूबाईंना सांगते म्हटलं, तर काकींनी मला महावीरांची शपथ घातली. म्हणाल्या, तिला मी हवी असेल तर ती आपण होऊन राहा म्हणेल, मी कशाला सांगू? इकडे सासूबाई मला म्हणत, तिला मुलाकडे जायचंय, जाऊ दे, मी कशाला अडवू? दोन्ही घरांच्या ओट्यांमध्ये बारा पावलांचं अंतर. चाळीस वर्षं एकमेकींच्या डाळीला फोडणी घातलेल्या बायका, आणि दोघी दोन ओट्यांवर पाठ करून मिरच्या निवडत बसायच्या. मला संताप यायचा आणि वाईटही वाटायचं. दुपारी चारला सासूबाई सवयीने दोन कप मांडायच्या आणि एक परत ठेवायच्या.

आखाजीच्या आठवडाभर आधी सासूबाई बाजारातून दोन घागरी घेऊन आल्या. मी विचारलं, दुसरी कुणाची? तर म्हणाल्या, त्या पोराच्या मागे कुणी नाही, आपण एवढे दिवस त्याला घरात बसवून बघितलं, आता त्याला पाण्यावाचून ठेवायचं का? मी म्हटलं, तो नट आहे, तो मुंबईत आपल्या घरी बसून बाटलीतलं पाणी पीत असेल. त्या म्हणाल्या, नट पीत असेल, हा कुठून पिणार? बी.एड.ला हा धडा नव्हता.

ही बातमी काकींपर्यंत दहा मिनिटांत पोचली. जित्या माणसाची घागर भरणं म्हणजे त्याला हाताने मारणं, असा निरोप त्यांनी मोलकरणीबरोबर पाठवला. सासूबाईंनी उलटा निरोप पाठवला की ज्यांच्यात आखाजी नाही त्यांनी त्यात बोलू नये. मोलकरीण दोन्हीकडे भांडी घासते, तिने निरोप पोचवून झाल्यावर मला विचारलं की ताई, गेलं कोण? मी म्हटलं, अजून ठरलेलं नाही.

पितर म्हणून कुणाला बसवायचं, यावर सासूबाईंनी फार विचार केला. गुप्तहेराच्या जागी येरागबाळा चालणार नाही. शेवटी गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या निवृत्त हवालदारांना बोलावणं गेलं. नोकरीत असताना आपण काही दिवस गुप्त कामावर होतो, असं ते निवृत्तीपासून सुचवत आलेले आहेत. कुठल्या, ते सांगत नाहीत. आमचं बोलावणं ऐकून त्यांचा ऊर भरून आला. आपल्या सेवेची दखल प्रथमच कुणीतरी घेतली, असं ते म्हणाले.

आखाजीच्या सकाळी हवालदार पांढरा सदरा इस्त्री करून आले आणि पाटावर बसले. दोन घागरी भरून तयार होत्या. पुरणपोळी, रशी, भात, कुरडया, आमरस. सासूबाई उंबऱ्याशी बसल्या आणि पाण्यात कालवलेल्या कुंकवाची बोटं ओढू लागल्या. एक बोट माझ्या सासऱ्यांचं, एक त्यांच्या वडिलांचं, एक त्यांच्या आईचं. मग बोट कुंकवात बुडवून त्यांनी वर धरलं आणि ते तसंच राहिलं.

नाव काय घ्यायचं?

सात नावं होती, पण सातही खोटी. खरं नाव पुढच्या सीझनमध्ये कळेल असं त्याच्या साहेबाने शेवटच्या भागात म्हटलं होतं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, दूधवाल्याचं घ्या. त्या म्हणाल्या, मग ते दूधवाल्याला पोचेल. तेवढ्यात हवालदारांमधला हवालदार जागा झाला. समोर आमरस असूनही त्यांनी हात मागे घेतला आणि म्हणाले, "नाव नही, पत्ता नही, प्रेत नही. अशामा मी कसा जेवू?"

समोरच्या ओट्यावर काकी उभ्या होत्या. दोन महिन्यांत प्रथमच त्या बारा पावलं चालून आमच्या दारात आल्या. उंबऱ्यावरचं कुंकू चुकवून बाहेरच थांबल्या. त्यांचा चेहरा असा पडलेला मी त्यांच्या नवऱ्याच्या वेळेलाच बघितला होता.

"जिजी," त्या म्हणाल्या, "तो मरी गया ते पुढला भाग कसा यी? मंग माले सुरत जानं पडी."

सासूबाईंचं बोट अजून वरच होतं. कुंकवाचा एक थेंब त्यांच्या मनगटावर ओघळला. त्यांनी काकींकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि मला हे माहीत होतं हे त्यांना त्या एका क्षणात कळलं. त्याचं व्याज मी अजून फेडते आहे. चाळीस वर्षांत सासूबाईंनी बोललेला शब्द मागे घेतल्याचं कुणी बघितलेलं नाही. डाळीत मीठ जास्त झालं तरी त्या म्हणतात, बरोबर आहे, तुमची जीभ आळणी.

त्यांनी बोट पदराला पुसलं.

"जित्ता शे तो," त्या म्हणाल्या. "बठ, शेठाणी. चहा ठेवस."

काकी तिथेच पायरीवर बसल्या आणि डोळ्यांना पदर लावला. जिजीने जिवंत म्हटलं म्हणजे तो दिसल्यासारखाच आहे, असा निकाल त्यांनी आपल्या नेमाबद्दल स्वतःच दिला आणि साखर जरा जास्त टाकायला सांगितली. मलाही रडू आलं, ते मी आगारीच्या धुरावर ढकललं. हवालदारांना मात्र आपण आता कोण, हे कळेना. त्यांनी दोनदा विचारलं. शेवटी माझ्या सासऱ्यांच्या नावाने जेवा म्हणून सांगितल्यावर त्यांनी पाचही पुरणपोळ्या संपवल्या. दुसरी घागर भरलेली होती, ती रिकामी करणं बरं नव्हे, म्हणून सासूबाईंनी ती उचलून काकींच्या ओट्यावर नेऊन ठेवली. तो उन्हाळाभर काकी तिचंच पाणी प्यायल्या.

पुढचा सीझन आला तो जवळजवळ वर्षाने. मी शाळेतून येतानाच रिचार्ज मारला आणि दोघींना आनंदाने सांगितलं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. सासूबाई म्हणाल्या, आज डोकं दुखतंय. दुसऱ्या दिवशी काकींचे गुडघे. मग पापड, मग कुणाच्या तरी नातीचं बारसं, मग रिमोट सापडेना. रिमोट मला आठवड्याने ज्वारीच्या कोठीत सापडला, आणि तो तिथे कसा गेला हे विचारायला मी काही दुधखुळी नाही. तो मी परत तिथेच ठेवला.

तेव्हापासून आमच्याकडे त्या मालिकेचा विषय काढायला बंदी आहे. साऱ्या गावाने ती बघितली, मीही मोबाइलवर लपून बघितली. तो वाचला की नाही हे मला माहीत आहे आणि मी सांगणार नाही. हवालदार मोठ्या उत्साहाने शेवट सांगायला आले होते. सासूबाईंनी त्यांना दारातच अडवलं आणि विचारलं की पितर कधी बोलतो का? ते खजील होऊन परत गेले.

दर रविवारी दुपारी चारला सुरतहून फोन येतो. मुलगा आईला एवढंच विचारतो, मालिका बघून झाली का? काकी फोनवर हात ठेवतात आणि सासूबाईंकडे बघतात. सासूबाई चहा गाळत असतात. त्या मान वर करत नाहीत.

"सांग त्याले," त्या म्हणतात, "लाइट नही शे."

काकी तसं सांगतात. पंखा दोघींच्या डोक्यावर फिरत असतो.