सव्वासहाची लातूर

कंट्रोलर आजोबा पानी प्यायले तरी टाइम सांगून प्यायचे. "सात पंचवीस, गोळीचं पानी," म्हनायचे आन् मग तांब्या तोंडाला लावायचे. मुखेडच्या स्टँडवर खिडकीत बसून कोनती गाडी कवा सोडायची, कोनत्या फलाटाला लावायची ते माईकवर पुकारायचं, ह्यात त्यांची सगळी नोकरी गेली. रिटायर होऊन बारा-तेरा वर्षं झाली होती पन आवाज काय रिटायर झाला न्हवता. मी चहा घेऊन आले की खुर्चीतनंच सुरू, "आल्याचा, बिनसाखरेचा चहा टेबल नंबर दोनवर लागलेला आहे, शुगरवाल्या प्रवाशांनी जागा घ्याव्या!" आन् सगळे म्हातारे हसत हसत उठायचे.

मी त्या रिटायर लोकांच्या मंडळात झाडायला आन् चहा करायला होते. पत्र्याची एकच खोली, सतरंज्या, दोन टेबलं, एक बीपीचं मशीन. महिन्याच्या पहिल्या रविवारी बैठक. त्या महिन्यात ज्यांचे ज्यांचे वाढदिवस त्यांचा एकदमच करायचा, मी चुरमुऱ्यांचा सुशीला करायचे मोठं पातेलं भरून, मग रिटायर सिस्टरबाई सगळ्यांची शुगर तपासायच्या, ज्याची सगळ्यात कमी त्याला टाळ्या. कवा दवाखान्यात जाऊन लोकांचे कागद लिहून द्यायचे, कवा झाडं लावायची. आन् महिन्यातनं एक दिवस सहल, टेम्पो करून, सकाळी निघून दिवेलागनीला घरी.

पन त्या लोकांचं एक होतं, ठरावाशिवाय त्यांचं पान हलायचं न्हाई. सगळी जिंदगी हापिसात गेलेली. पंखा तीनवर ठेवायचा का चारवर, ठराव. एकानं मांडायचा, दुसऱ्यानं अनुमोदन द्यायचं, हात वर करायचे आन् मग कंट्रोलर आजोबांनी रजिस्टरात लिहायचं, त्यांचं अक्षर मोत्यासारखं. तलाठी काका म्हनून एक होते, ते डुलकी लागलेली असली तरी मधेच डोळे मिटून म्हनायचे, "अनुमोदन." कशाला ते मागून इचारायचे.

माझी आरू तवा दोन वर्षांची होती. रडली की ओठ निळे पडायचे. चार पावलं चालली की खाली बसायची, म्हातारीवानी. सासूबाई म्हनायच्या लेकरू नाजूक हाय, होईल बरं. मग अंगनवाडीत तपासायला डॉक्टरीन आली, तिनं छातीला नळी लावली आन् लई येळ काढलीच न्हाई. काळजाला छिद्र हाय म्हनली. लातूरला मोठे डॉक्टर येतात, महिन्यातनं एकच दिवस, बाराच्या आत नंबर लावायचा, ह्या महिन्यात दाखवाच, थांबू नका. तसा कागद लिहून दिला. माझे मालक निजामाबादला सेंट्रिंगच्या कामावर होते. ते फोनवर म्हनले, तू एकटी कशी जाशील, मी दोन महिन्यानं येतो तवा जाऊ. त्यांचंबी काय चूक न्हवतं. मी माहेर आन् सासर सोडून एकटी कुठं गेलेच न्हवते. मला खिडकीची भीती वाटायची. बँकेची असो, दवाखान्याची असो, जाळीच्या मागं मानूस बसला की माझं तोंड उघडायचंच न्हाई. आठवीत शाळा सुटली माझी, वाटायचं आपन काय इचारलं की तो म्हनेल, एवढंबी कळत न्हाई का.

मी झाडत झाडत रडून राहिले होते. मला वाटलं कोनी बघत न्हाई. मागनं आवाज आला, "नऊ दहा. पोरी, काय झालं?"

मी सगळं सांगितलं. कागद दाखवला. आजोबांनी चष्मा लावून वाचला, परत वाचला आन् असे ताठ बसले जनू माईक समोर हाय. "सव्वासहाची लातूर. फलाट नंबर तीन. जांब, शिरूर, चाकूर. नऊच्या आत लातूर. उतरलं की ऑटो, दवाखाना, नंबर. काय भ्यायचं त्यात?"

मी म्हनले, "आजोबा, गाडी नक्की असती का?"

"नक्की?" त्यांना हसूच आलं. "चौदा वर्षं मी सोडली हाय ती गाडी. माझ्या लग्नाची तारीख चुकेल, सव्वासहाची लातूर चुकनार न्हाई."

झालं. माझ्या जिवाला लई आधार वाटला. डॉक्टर यायच्या दिवशी मी चार वाजताच उठले, आरूला दोन स्वेटर घातले, धपाटे बांधले, पावनेसहाला स्टँडवर गेले आन् तीन नंबरच्या फलाटासमोर बाकड्यावर बसले. सव्वासहा वाजले. एक गाडी आली, ती देगलूरची. मग अजून एक आली, तीबी देगलूर. सात वाजले. तिसरी आली, तीबी देगलूरच! एक कंडक्टर खाली उतरला, म्हनला, "ताई, कुठं जायचंय?" मी तोंड फिरवून बसले. अनोळखी मानूस, कशाला सांगायचं, आजोबांनी सांगितलंय तीन नंबर म्हंजे तीन नंबर. इचारायची खिडकी माझ्यापासनं वीस पावलांवर होती. मी ती पावलं नुसती डोळ्यानं मोजली, चारदा. उठले न्हाई. आरू रडायला लागली, तिचे ओठ बघून मीबी रडायला लागले, आन् तरीबी उठले न्हाई. आता लिहिताना माझंच मला नवल वाटतंय, पन भीती अशीच असती, ती मानसाला बाकड्याला बांधून टाकती.

आठ वाजता मंडळाची सहल निघायची होती, कंधारचा किल्ला बघायला. टेम्पो स्टँडच्या दारातच उभा राहायचा. आजोबा हातात रजिस्टर घेऊन हजेरी घेत आले आन् मी दिसले त्यांना.

"पोरी! तू हितं?"

"आजोबा, गाडी आली न्हाई अजून."

ते तसेच वळले आन् खिडकीजवळच्या पाटीपाशी गेले. मोठी पाटी, पांढरी, ठळक अक्षरात. बोट लावून वाचली. मी मागनं बघत होते, त्यांचं बोट एका जागी थांबलं आन् तिथनं हालंना. लातूरची पहिली गाडी पाच वीसला निघायची, फलाट एक. मागच्याच वर्षी टाइम बदललेला. रोज सकाळी आजोबा त्या पाटीपुढनं फिरायला जायचे, पन त्यांनी कवा मान वर करून बघितलंच न्हवतं. त्यांना काय बघायची गरज, त्यांना पाठ होतं ना.

पुढची गाडी साडेनऊला. ती पोचेपर्यंत बारा वाजून जानार.

आजोबा परत आले तवा त्यांचा चेहरा असा झाला होता की माझंच रडू थांबलं. टेम्पोजवळ गेले, सगळे म्हातारे-म्हाताऱ्या चढून बसले होते, मफलर, टोप्या, मांडीवर डबे. आजोबा खालनंच बोलले, माईकचा आवाज न्हवता तो, साधा होता, बारीक. "गलती माझी हाय. कबूल. न बघता टाइम सांगितला मी. लेकरू दोन तास थंडीत बसलंय आन् बाराच्या आत लातूर गाठायचंय."

अध्यक्षबाई, त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, खिडकीतनं म्हनल्या, "मग मांडा की ठराव."

"आजची सहल कंधारऐवजी लातूरला, मुलांच्या दवाखान्यात न्यावी."

"अनुमोदन," आतनं तलाठी काका म्हनले, आन् ह्या खेपेला त्यांचे डोळे उघडे होते.

सगळ्यांचे हात वर झाले. टेम्पोवाला म्हनला, "आओ, ठराव नंतर लिहा, आधी बसा तरी!"

कशी गेले ते मला सांगता येईना. सिस्टरबाईंनी आरूला छातीशी उभं धरलं होतं, कोनी दशमी पुढं करत होतं, कोनी भजन म्हनत होतं. आजोबा पुढं ड्रायव्हरच्या शेजारी होते. दर गावाला टाइम सांगनारे आजोबा, जांब गेलं, शिरूर गेलं, चाकूर गेलं, एक शब्द बोलले न्हाईत.

सव्वादहाला आम्ही सतरा मानसं त्या दवाखान्यात शिरलो. दारातली सिस्टर घाबरलीच, "अहो आजोबा, आजी, हा लहान मुलांचा विभाग आहे, बीपीचं पलीकडच्या इमारतीत!" तलाठी काका म्हनले, "आमचं लेकरू लहानच हाय, पाहुणे जरा जास्त हायत."

मी आजोबांच्या हातात कागद द्यायला लागले. त्यांनी घेतला न्हाई. खिडकीच्या दोन पावलं अलीकडं उभे राहिले. "तू इचार."

"मला न्हाई जमत आजोबा. तुम्ही बोला ना."

"माझं ऐकून बघितलंस ना सकाळी? माझं नको ऐकू आता. मी न इचारता चुकलोय, तू इचारून चूक. मी हितंच हाय मागं."

मी जाळीपाशी गेले. जाळीच्या मागं एक दादा कायतरी लिहीत होता. मी म्हनले, "दादा... लेकराच्या काळजाचे डॉक्टर कुठं बसतात?" तो मान वर न करताच म्हनला, "चार नंबर खोली. कागद काढून ठेवा, नाव पुकारतील." बास. एवढंच. तो हसला न्हाई, रागावला न्हाई, मला येडी म्हनला न्हाई. आन् एवढ्यासाठी मी लेकराचे निळे ओठ बघत दोन तास बसले होते.

डॉक्टरांनी तपासलं, मशीनवर बघितलं, मग म्हनले, "बरं झालं आज आणलंत. पुढच्या महिन्यापर्यंत थांबायला नको होतं. आजच दाखल करू." मग दाराकडं बघून म्हनले, "बाहेर एवढी मंडळी उभी आहेत, तुमची कोण?"

"आजोबा," मी म्हनले. "आजी."

"सगळे?"

"हाव. सगळे."

सिस्टरबाई माझ्याजवळ राहिल्या, मालक निजामाबादहून येईपर्यंत. आरूचं ऑपरेशन झालं. टाके बघून मी चक्कर येऊन पडले, ती न्हाई रडली. आता पहिलीत जाती, पळती, भांडती, चिंचा पाडती. पळून आली की मी अजून आधी तिचे ओठ बघते. लाल असतात.

त्यानंतरच्या बैठकीत आजोबांनी रजिस्टर उघडलं आन् मोत्यासारख्या अक्षरात स्वतःचीच चूक लिहिली, मग उभं राहून वाचून दाखवली. अध्यक्षबाई म्हनल्या, "अहो, हे कशाला लिहिता, लेकरू वाचलं की." आजोबा म्हनले, "गाडी उशिरा सुटली तरी रजिस्टरात लिहावी लागती. ही तर सुटलीच न्हाई माझ्याकडनं." त्याच बैठकीत दुसरा ठराव झाला. दर महिन्याच्या एक तारखेला दोघांनी स्टँडवर जाऊन सगळे टाइम नव्यानं लिहून आनायचे आन् मंडळाच्या बाहेर फळ्यावर लावायचे. आन् सकाळी दोन तास पाळीपाळीनं स्टँडच्या बाकड्यावर बसायचं, जो मानूस भ्यालेला दिसेल त्याला खिडकीपर्यंत न्यायचं. टाइम आपन सांगायचा न्हाई, त्यालाच इचारायला लावायचं. हे शेवटचं आजोबांनी दोनदा वाचलं. "मला पाठ हाय" हे त्यांच्या तोंडून मी परत कवाच ऐकलं न्हाई. आता एकच, "आज इचारलं का?" दूधवाल्याला, पोस्टमनला, मला, "आज इचारलं का?"

पहिल्या एक तारखेला ते मलाच सोबत घेऊन गेले. मी वाचायचे, ते लिहायचे. मग मी लिहायला लागले, ते नुसते उभे राहायचे, कारन त्यांना पाटी दिसेना झाली होती. डोळे लई खराब झाले तवा संभाजीनगरहून लेक न्यायला आला. सगळं मंडळ स्टँडवर गेलं. मी आदल्या दिवशी इचारलं होतं, तरी सकाळी परत खिडकीपाशी जाऊन आले. आजोबा पायरीवर एक पाय ठेवून थांबले.

"आज इचारलं का पोरी?"

"हाव आजोबा. नऊ चाळीस. फलाट दोन."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग आरूच्या. घड्याळ चाचपलं पन बघितलं न्हाई. म्हनले, "मग बराबर असंल," आन् चढले. गाडी वळली तरी मला वाटत होतं आता ते आतनं काहीतरी पुकारतील.

आता एक तारखेला सकाळी आजोबांचा फोन येतो. मी तवा स्टँडवरच असते, बाकड्यावर, वही मांडीवर घेऊन. कधी शेजारी एखादी पोरगी असती, काखेत लेकरू, तोंड फिरवून बसलेली, मी तिला लगेच वळखते.

"पोरी, लातूरची पहिली गाडी किती वाजता?"

मला पाठ हाय. झोपेत इचारलं तरी सांगेन. पन मी म्हनते, "थांबा आजोबा, इचारून सांगते." फोन बंद करत न्हाई, हातात तसाच उघडा धरते, म्हंजे त्यांना स्टँड ऐकू येतंय, गाड्या, कंडक्टर, माईकवरचा आवाज. ते तिकडं गप ऐकून राहतात. मग मी शेजारच्या पोरीला म्हनते, चल गं, आपन दोघी जाऊ, आन् तिला संगं घेऊन ती वीस पावलं चालत जाते.

"दादा, लातूरची पहिली गाडी कितीला?"